आर लेपोरिसभोवतीचं लाल वलय: धूळ की लेन्स? आणि तेजाची प्रत कोणती धरायची?

ढोकाळी_डॉब

मंडळी, नमस्कार. घोडबंदर रोडवरच्या गच्चीवरून शशक तारकासमूहातल्या आर लेपोरिस या लाल कार्बन ताऱ्याचे फोटो काढले आहेत. सामान असं: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर (आतला अवरक्त अडवणारा फिल्टर काढलेला नाही), ८५ मिमी लेन्स एफ/१.८ वर, साधा ट्रायपॉड, ट्रॅकिंग नाही. आयएसओ ८००, २.५ सेकंदांच्या ४० रॉ फ्रेम, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलेल्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या. तीन गोष्टींवर गाडी अडली आहे.

१. ताऱ्याभोवती साधारण १२ पिक्सेल त्रिज्येचं लाल, धूसर वलय आहे. आसपासच्या पांढऱ्या-निळ्या ताऱ्यांना ते नाही. कार्बन ताऱ्यांभोवती धुळीचं कवच असतं असं वाचलंय. हे तेच का?

२. हिरव्या चॅनेलवरून प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तेवढा तारा मंद) ७.२ आली. त्याच रात्री १०×५० बायनॉक्युलरने चार्टवरच्या ताऱ्यांशी तुलना करून ७.९ आली. पाऊण प्रतीचा फरक म्हणजे फारच झाला. नोंदवायची कोणती?

३. पुस्तकात ५.५ ते ११.७ असा पल्ला दिलाय. तारा आत्ता आहे तेवढा मंद आहे तो नेहमीच्या उतारामुळे की मध्ये धूळ आल्यामुळे, हे आपल्यासारख्याला ठरवता येतं का?

बेलापूर_आठइंची

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. वलय लेन्सचं आहे. खात्री करून घ्यायला तीन तपासण्या आहेत आणि एकीलाही पैसा लागत नाही.

स्टॅक केलेल्या फोटोचे तिन्ही चॅनेल वेगळे करून बघा. वलय फक्त लाल चॅनेलमध्ये असेल आणि हिरव्यात ताऱ्याचा ठिपका आटोपशीर असेल, तर लेन्स लाल आणि हिरवा प्रकाश एका जागी आणत नाही, इतकंच सिद्ध होतं. ८५ एफ/१.८ जातीच्या लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या की हे करतातच. त्यात फोकस रायजेलवर घेतला असेल तर आणखी भर. निळ्या ताऱ्यावर नेमका बसवलेला फोकस लाल ताऱ्याला सुटलेलाच असतो.

दुसरी तपासणी: एफ/४ वर या. वलय खरोखर आकाशात असेल तर लेन्सचं तोंड बारीक केल्याने त्याचा आकार बदलायचं कारण नाही. लेन्सचं असेल तर झटकन आक्रसेल.

तिसरी मला सगळ्यात आवडते, कारण पुरावा तुमच्याच फ्रेममध्ये आहे. आर लेपोरिसपासून चारेक अंशांवर, ईशान्येला आरएक्स लेपोरिस आहे. तोही लाल आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, पण कार्बन तारा नव्हे, एम ६ वर्गाचा ऑक्सिजनवाला. त्याच्याभोवती तसंच वलय दिसलं की विषय संपला. (चार्ट न बघता शोधणारे कधीकधी यालाच आर लेपोरिस धरून बसतात. आरएक्स नारिंगीकडे झुकतो, आर गडद.)

शिवाय धुळीवरून विखुरलेला प्रकाश ताऱ्यापेक्षा कमी लाल असायला हवा. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. तुमचं वलय ताऱ्याहून लाल आहे, म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय.

आता माप. ३.७ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ८५ मिमी लेन्स म्हणजे पिक्सेलला ९ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). तारा सुमारे १,५०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे ४७० पार्सेकच्या आसपास. त्याचा वारा सेकंदाला १५ ते २० किमी वेगाने वाहतो. १८ धरला तर वर्षाला ३.८ खगोलीय एककं (पृथ्वी-सूर्य अंतरं). म्हणजे हजार वर्षांपूर्वी निघालेली धूळ आजही ताऱ्यापासून ८ आर्कसेकंदांवर, तुमच्या एका पिक्सेलच्या आतच आहे. बारा पिक्सेलपर्यंत पोचायला तिला तेरा-चौदा हजार वर्षं लागतील. तेवढ्या जुन्या कवचांचे पुरावे काही कार्बन ताऱ्यांभोवती आहेत, नाही असं नाही. पण ती इतकी विरळ असतात की दूर-अवरक्तात मोजावी लागतात. ठाण्याच्या आकाशाच्या उजेडात त्यांचा मागमूस लागणार नाही.

धूळ जिथे तयार होते ती जागा तर ताऱ्याच्या काही त्रिज्यांवर, आर्कसेकंदाच्या काही शतांशांत येते. २०२३ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बीणसंचाने ५ मिलिआर्कसेकंद (आर्कसेकंदाचे हजारांश) इतकं पृथक्करण गाठून दाखवलं. त्यासाठी निवडलेला तारा नेमका आर लेपोरिसच होता. ताऱ्याच्या पृष्ठाचा प्रकाश आणि त्याभोवती हायड्रोजन सायनाइडच्या मेसरचं (लेसरसारख्या रेडिओ प्रारणाचं) कडं वेगवेगळं दिसलं. त्यासाठी अँटेना १६ किमी पसरावे लागले होते.

कळवा_खाडी

मध्येच विचारतो, माफ करा. कार्बन ताऱ्याची धूळ म्हणजे काजळी असं ऐकलंय. मायरा पण लाल तारा, काक्षीही (बेटेलज्यूज) लाल. मग काजळी कार्बन ताऱ्यालाच का? इतरांची धूळ वेगळी असते का?

शशक_नोंदवही

हो, वेगळी. सगळा खेळ कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या हिशेबाचा आहे. थंड ताऱ्याच्या वातावरणात हे दोघे भेटले की आधी कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि तो रेणू इतका घट्ट की सहसा फुटत नाही. जो कमी असेल तो पुरा संपतो, जो जास्त असेल तो उरतो. मायरात ऑक्सिजन उरतो, त्याची सिलिकेटची, म्हणजे वाळूच्या जातीची धूळ होते. आर लेपोरिसमध्ये कार्बन उरतो, कारण हेलियम जळून झालेला कार्बन आतल्या घुसळणीतून पृष्ठावर आलेला असतो. त्या उरलेल्या कार्बनचे सी-टू, सायनोजेन असे रेणू होतात, ते निळा प्रकाश गिळतात, आणि तारा रक्तासारखा दिसतो. १८४५ साली जॉन रसेल हाइंड यांच्या नजरेत तो भरला तो त्याच रंगामुळे.

धुळीचं म्हणाल तर तापमान १,५०० केल्विनच्या आसपास उतरलं की अस्फटिक कार्बन गोठतो. शब्दशः काजळीच ती, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. सोबत सिलिकॉन कार्बाइड. अवरक्त वर्णपटात सिलिकेट ९.७ मायक्रॉनला दिसतं, सिलिकॉन कार्बाइड ११.३ च्या आसपास. ताऱ्याचं स्पंदन वायूला वर उचलतं, तिथे कण बनतात, काळे असल्याने प्रकाश शोषतात, प्रकाशाचा रेटा त्यांना बाहेर ढकलतो आणि जाताना ते वायूलाही ओढून नेतात. आर लेपोरिस असा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहालाखावा भाग गमावतो. तीन-चार वर्षांत एका पृथ्वीएवढं झालं ते. त्यात धूळ अगदी थोडी, बाकी वायू.

यातले सिलिकॉन कार्बाइडचे कण हातात घेता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत सूर्यमालेहून जुने असे कण सापडले, आणि त्यांतल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून बहुतेक कण कार्बन ताऱ्यांचेच निघाले.

आता ढोकाळीकरांचा दुसरा प्रश्न. ७.२ आणि ७.९ दोन्ही बरोबर असू शकतात. तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजलेली नाही, दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात. अंधारात डोळा निळ्याकडे सरकतो, त्यामुळे लाल तारा डोळ्याला व्ही फिल्टरपेक्षा (प्रत मोजायच्या प्रमाणित हिरव्या-पिवळ्या फिल्टरपेक्षा) मंद दिसतो. त्यासाठी एक सूत्र वापरतात: डोळ्याची प्रत = व्ही + ०.१८ × (बी-व्ही) − ०.१५. यात बी-व्ही म्हणजे निळ्या बी आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींचा फरक, तारा लाल तेवढा जास्त. साध्या ताऱ्याचा बी-व्ही ०.६ असतो, तिथे फरक जवळपास शून्य. आर लेपोरिसचा बी-व्ही ५ च्याही वर मोजला गेलाय. ४.५ धरला तरी फरक ०.६६ येतो. म्हणजे तुमचा पाऊण प्रतीचा घोळ सूत्रातच बसतोय. सूत्र साध्या ताऱ्यांवरून काढलेलं आहे, इतकं लांबवर ताणलं की दशांशावर विश्वास ठेवायचा नाही. पण दिशा बरोबर आहे.

नोंदवायचं तर दोन्ही नोंदवा, वेगवेगळ्या नावाने. डोळ्याची नोंद व्हिज्युअल म्हणून, कॅमेऱ्याची टीजी म्हणून, म्हणजे तिरंगी सेन्सरचा हिरवा. त्यांची सरासरी कधीही काढायची नाही. टीजीला व्ही म्हणून पाठवायचं नाही, हेही पाठ करून ठेवा. सी-टूचे पट्टे ५१६५ आणि ५६३६ अँगस्ट्रॉमला (नॅनोमीटरचा दहावा भाग) आहेत, दोन्ही हिरव्या-पिवळ्यात. फिल्टरची कडा थोडी इकडेतिकडे झाली की पट्ट्याचा किती भाग आत येतो ते बदलतं. सेन्सरचा हिरवा आणि व्ही फिल्टर यांच्या कडा जुळत नाहीत, त्यामुळे तुलनेचे तारे कितीही चांगले निवडा, काही दशांश राहतातच.

सीवूड्स_स्मार्ट

मग डोळ्याच्या अंदाजाचा सोस कशाला? स्मार्ट दुर्बीण लावा, दहा मिनिटांत काम होतं. २०व्या शतकातून बाहेर या की राव.

शशक_नोंदवही

आर लेपोरिसची जी लांबलचक नोंद आहे ती डोळ्याची आहे. काही दशकांचा चढउतार बघायचा तर ती साखळी तुटून चालत नाही. स्मार्ट दुर्बिणीला ना नाही, पण तिचे घोळ तिचेच. सीस्टार या स्मार्ट दुर्बिणीत प्रकाशप्रदूषणाचा दुपट्टी फिल्टर चालू राहिला की प्रत निरर्थक. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांपुरताच प्रकाश सोडतो. फिल्टर बंद करा, ताणलेली जेपीजी घेऊ नका, १० सेकंदांच्या कच्च्या फिट्स फाइल साठवा आणि हिरवा चॅनेल मोजा.

पूर्ण फिल्टर काढलेला डीएसएलआर असेल तर या ताऱ्याच्या वाट्यालाच जाऊ नका. सेन्सरवरचा हिरवा रंग ८०० नॅनोमीटरच्या पुढे पारदर्शक होतो. कार्बन ताऱ्याचा बहुतेक प्रकाश तिकडेच, तो सगळा हिरव्यात गळतो आणि तारा भलताच तेजस्वी येतो.

ढोकाळीकर, तुमच्या सेटिंगमध्ये एवढं बदला. एफ/४ करा. फोकस मुद्दाम थोडा सोडा, म्हणजे ठिपका ८-१० पिक्सेल पसरेल. टोकदार ठिपका सेन्सरवरच्या बेयरच्या चौकटीत (लाल-हिरव्या-निळ्या पिक्सेलच्या मांडणीत) एखाद्या लाल पिक्सेलवर जास्त पडतो आणि हिरव्याचा हिशेब बिघडतो. २.५ सेकंद ठीक आहेत: शशक आहे त्या भागात आकाश सेकंदाला १४.५ आर्कसेकंद सरकतं, म्हणजे चार पिक्सेल. फ्रेम ४० च ठेवा, बेरीज मिनिटाच्या वर गेली की लुकलुक सपाट होते. लेन्सला टोपी लावून त्याच आयएसओ-वेळेच्या १५-२० डार्क (सेन्सरचा गोंगाट वजा करायला), आणि संध्याकाळच्या आकाशाचे फ्लॅट (फ्रेममधला असमान उजेड दुरुस्त करायला). घोडबंदरला खालून एलईडी होर्डिंगचा उजेड तिरका येतो, लेन्सहूड नसेल तर फ्लॅटचा उपयोग होत नाही. लाल चॅनेल भरून वाहतोय का ते एकेका फ्रेममध्ये तपासा. हिरवा जेमतेम असताना लाल संपृक्त झालेला असतो, हे या ताऱ्याचं नेहमीचं नाटक.

तुलनेचे तारे दोन-तीन अंशांच्या आतले घ्या आणि तारा ३०° च्या वर असतानाच मोजा. हिवाळ्यात इकडे खाडीवरचं धुरकं आणि बांधकामाची धूळ मिळून हवेचं शोषण बऱ्याचदा एका हवास्तंभाला (सरळ डोक्यावरच्या हवेएवढ्या जाडीला) अर्ध्या प्रतीपर्यंत जातं. ३०° वर पाच अंश वर-खाली असलेल्या दोन ताऱ्यांत तेवढ्यानेच ०.१३ चा फरक पडतो. मध्यान्हाला हा तारा ठाण्यातून ५६° वर येतो, तिथे ही डोकेदुखी नाही. १५ जानेवारीला ती वेळ रात्री दहाच्या सुमारास येते, १५ फेब्रुवारीला आठच्या.

बायनॉक्युलरसाठी: अर्नेबपासून म्यू लेपोरिसकडे रेघ ओढा, तशीच साडेतीन अंश पुढे न्या. १०×५० मध्ये म्यू एका कडेला ठेवला की आर दुसऱ्या बाजूला सापडतो. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर बसवा, हातात धरून लाल ताऱ्याचा अंदाज घेऊ नका. एक तुलनेचा तारा याच्याहून तेजस्वी, एक मंद. फोकस थोडा सोडून तिन्ही थाळ्या सारख्या दिसू देत. मग झटक्यात बघा आणि नजर हटवा. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यांदेखत वाढत जातो. सावकाश बघणाऱ्याची नोंद दरवेळी तेजस्वी बाजूला झुकते, त्याचं कारण हेच. दोन तारे जोडणारी रेघ डोळ्यांच्या रेघेला समांतर येईल अशी मान करा. चार्टवर ७४ लिहिलंय म्हणजे ७.४, बिंदू ताऱ्यासारखा दिसू नये म्हणून गाळलेला असतो.

७.९ ला ठाण्याच्या गच्चीवरून १०×५० ची हद्द जवळ आलेली असते. शेरा म्हणून बी लिहा, तो उजळ आकाशासाठी आहे. ८.५ च्या खाली तारा गेला की ६ इंची दुर्बीण घ्या. ४०-५० पट पुरे. तारा दिसलाच नाही तर तोही आकडा आहे: जो सगळ्यात मंद तुलनेचा तारा दिसला त्याच्या प्रतीआधी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<) लावून पाठवा.

ढोकाळी_डॉब

दंडवत! चॅनेल वेगळे करून पाहिले. वलय फक्त लालमध्ये आहे. आणि आरएक्सलाही आहे, थोडं लहान. म्हणजे पहिला प्रश्न निकालात.

वेळेबद्दल एक शंका. ज्युलियन दिनांकाचा (खगोलात वापरतात त्या दिवसांच्या सलग मोजणीचा) गोंधळ होतो, मध्यरात्रीनंतरची नोंद कुठल्या तारखेत धरायची?

शशक_नोंदवही

आपल्याकडे हे उलट सोपं आहे. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी १२ ला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. आपली अख्खी रात्र एकाच दिवसात बसते, मध्यरात्रीला काहीच बदलत नाही. साडेपाचनंतर किती तास झाले, भागिले २४. रात्री १० म्हणजे साडेचार तास, ०.१९. १५ जानेवारी २०२६ च्या रात्री १० ला २४६१०५६.१९. एएव्हीएसओच्या (रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) अर्जात जागतिक वेळ टाकली तरी चालते, फक्त साडेपाच तास वजा करायचे विसरू नका.

रात्रपाळी_वाशी

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही अजून, म्हणून लिहितो. "मंद झाला, धूळ आली" असं लगेच म्हणायची फॅशन २०१९-२० मध्ये काक्षी मंदावला तेव्हापासून पडलीय. आर लेपोरिससारख्या मायरा जातीच्या, म्हणजे स्पंदनामुळे लांब चक्रात चढउतार होणाऱ्या ताऱ्यात मोठा उतार धुळीशिवायही येतो.

आकडे घेऊन बघू. २,८०० केल्विनचा तारा २,३०० ला उतरला, बाकी सगळं तसंच. हिरव्या-पिवळ्यात, ०.५५ मायक्रॉनला, एवढ्यानेच २.२ प्रतींची घट होते. २.२ मायक्रॉनच्या अवरक्तात फक्त ०.६. कारण इतक्या थंड ताऱ्याचा दृश्य प्रकाश म्हणजे त्याच्या वर्णपटाचं निमुळतं शेपूट; तापमान जरा हललं की शेपूट आपटतं, धड फारसं हलत नाही. त्यावर रेणूंचे पट्टे गडद होतात ते वेगळंच. त्यामुळे चक्राच्या तळाशी तारा मंद आणि जास्त लाल असणारच. हे आरोग्याचं लक्षण आहे म्हणा ना.

धूळ ओळखायची ती वेगळ्या खुणेने. तिची चाल चक्राबरोबर नसते. एकाच चक्रातली कमाल आणि किमान ताडून काही कळत नाही. वेगवेगळ्या चक्रांतला एकच टप्पा ताडायचा. या वेळची कमाल मागच्या कमालीपेक्षा मंद आहे का, त्याच्या मागच्या? आर लेपोरिसचं चक्र साधारण ४३० दिवसांचं, आणि सरासरी तेज काही दशकांच्या लाटेवर वरखाली होतं. दक्षिण आफ्रिकेतून झालेल्या दीर्घ अवरक्त निरीक्षणांत आर लेपोरिस आणि आर फॉर्नासिस या दोघांत धुळीने झाकोळण्याचे काळ दिसले. धूळ निघते ती पूर्ण गोल कवच म्हणून नव्हे, ढगासारखी एखाद्या बाजूला. आपल्या नजरेच्या रेषेत तो ढग आला तर मंदपणा, नाही आला तर आपल्याला पत्ताच नाही.

म्हणून तुमच्याकडे निदान तीन चक्रं हवीत. साडेतीन वर्षं झाली. तोवर साधन एकच, पद्धत एकच, तुलनेचे तारे तेच. मध्येच लेन्स बदललीत तर ०.३ ची उडी पडेल आणि तुम्ही तिला धूळ म्हणाल. चक्र वर्षापेक्षा सुमारे ६५ दिवसांनी मोठं असल्याने कमाल दरवर्षी दोन महिने पुढे सरकते, आणि पाच-सहा वर्षांच्या फेऱ्यात एक-दोन कमाली हातच्या जातात, कारण मे अखेर ते जुलै सुरुवात तारा सूर्याच्या आसपास असतो. यात मुंबईकरांचा एक फायदा आहे. आपल्या पावसाचा पहिला महिना तारा तसाही दिसत नसतानाच निघून जातो. उरतात ते जुलै ते सप्टेंबरच्या पहाटेचे ढग. ऑक्टोबरपासून पहाटे, मग एप्रिलपर्यंत संध्याकाळी, अशी सलग नोंद होऊ शकते. आठवड्याला एक पुरे. रोज मोजून मायराच्या बाबतीत काही हाती लागत नाही.

धुळीचा तडाखा प्रत्यक्ष बघायची घाई असेल तर आर कोरोने बोरिअलिस धरा. तोही कार्बनने भरलेला, पण लाल नाही, पिवळा महाराक्षसी, हायड्रोजन जवळपास नसलेला. एरवी ६ व्या प्रतीला निवांत. काजळीचा ढग समोर आला की काही आठवड्यांत कित्येक प्रती खाली. २००७ च्या जुलैत असा घसरायला लागला की १४ च्याही खाली गेला आणि पूर्वपदावर यायला त्याने वर्षांमागून वर्षं घेतली. एप्रिल ते जूनच्या रात्री, पावसाआधी, बायनॉक्युलरने आठवड्यातून एकदा "आहे की नाही" एवढं बघितलं तरी चालतं.

कळवा_खाडी

आणि कार्बन ताऱ्याची धूळ स्वतःच्या डोळ्याने, दुर्बिणीतून? काहीच नाही का?

बेलापूर_आठइंची

आहे एक. हंसातली एग नेब्युला. कार्बन तारा बहुतेक सगळं कवच टाकून मोकळा झालाय अशा अवस्थेतली. तारा स्वतः धुळीच्या पट्ट्यामागे लपलेला, वरखालच्या धुळीवरून उडालेला त्याचा प्रकाश तेवढा दिसतो. १० इंची दुर्बीण हवी, आकाश मुरबाडच्या पुढचं हवं. वांगणीतून अवघड, ठाण्यातून नाव काढू नका. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी डोक्याजवळ असते. १५०-२०० पटीवर आयपीसमध्ये ध्रुवण फिल्टर लावून हळूहळू फिरवा. विखुरलेला प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित असल्याने ती उजळते-मावळते, शेजारचे तारे जसेच्या तसे राहतात. तिकडे दंव भरपूर पडतं, दुय्यम आरसा आणि आयपीस पुसायला फडकं नको, यूएसबीवरचा हीटरपट्टा न्या.

ढोकाळी_डॉब

साडेतीन वर्षं म्हणजे नोंदवही घालावी लागणार. तोवर वर्णपट घ्यायचा विचार आहे, मिलिमीटरला १०० रेषांची जाळी (प्रकाशाचा वर्णपट पसरवणारी काच) याच ८५ मिमीपुढे लावून. काय काळजी घ्यावी?

बेलापूर_आठइंची

पिक्सेलला ४.४ अँगस्ट्रॉम पडतील. शून्य क्रमापासून (न पसरलेल्या ताऱ्याच्या ठिपक्यापासून) लाल टोकापर्यंत साधारण दीड हजार पिक्सेल, फ्रेममध्ये आरामात मावतं. पट्ट्यांसाठी एवढं पुष्कळ झालं.

ट्रॅकिंग नसल्याचा इथे फायदा करून घ्या. जाळी अशी फिरवा की वर्णपट उत्तर-दक्षिण पसरेल. आकाश पूर्व-पश्चिम सरकतं, म्हणजे सरकण्याने वर्णपट पुसट न होता रुंद होईल. मग १० सेकंदही चालतात, सोळाएक पिक्सेलची पट्टी मिळते. उलटं लावलंत तर सगळे पट्टे एकमेकांत मिसळतील. फोकस वर्णपटाच्या मध्यावर करा, शून्य क्रमाच्या ठिपक्यावर नाही.

आणि एक सापळा आहे. सी-टूचा पट्टा ५१६५ ला, टायटॅनियम ऑक्साइडचा ५१६७ ला. या जाळीला ते एकाच जागी दिसणार, जागेवरून कार्बन तारा ठरवता येत नाही. उतार बघायचा. सी-टूची तीक्ष्ण कडा लाल बाजूला असते आणि पट्टा निळ्याकडे विरत जातो. टायटॅनियम ऑक्साइडचं बरोब्बर उलट. तुलनेला मायरा घ्या, तिथे ते पट्टे ठसठशीत असतात. आलेखाची निळी बाजू कुठली ते आधी खुणावून ठेवा, फ्रेम आडवी उलटली गेली असेल तर निष्कर्षही उलटेल.

सात प्रतीचा तारा ट्रॅकिंगविना एवढ्याशा भिंगाला झेपणार नाही. आर लेपोरिस ६ च्या वर येईपर्यंत टीएक्स पिशियमवर हात बसवा. मीनेतला कार्बन तारा, पाचव्या प्रतीचा, फारसा हलत नाही, डिसेंबरपर्यंत संध्याकाळी चांगला उंच असतो. तिथे ५६३६ ची कडा स्पष्ट आली की तुमची जाळी, फोकस आणि दिशा तिन्ही जुळलेत असं समजा.